शाळेतील करिअर मार्गदर्शक शिक्षक : साधने, माहिती आणि समाजाची साथ

दहावीचा निकाल लागतो, पेढे वाटले जातात, मंडळाच्या वतीने गुणवंतांचा सत्कार होतो. त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत मात्र घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो. पुढे काय? ज्या घरात दोन-तीन पिढ्यांपासून शिक्षण आहे तेथे या प्रश्नाचे उत्तर देणारे काका, मामा, आत्या घरातच असतात. ज्या घरातील पहिलीच मुलगी दहावी पास झाली आहे त्या घरात मात्र उत्तर ठरते ते शेजारच्या मुलाने काय केले यावरून, नाहीतर टक्केवारीवरून. ऐंशी टक्के पडले म्हणून विज्ञान, साठ पडले म्हणून वाणिज्य आणि पंचेचाळीस पडले म्हणून कला, अशी ती सरळ वाटणी असते. मुलाला काय आवडते, काय जमते, घरची ऐपत किती, दाखले तयार आहेत काय, हे कोणी विचारीत नाही.

अशा मुलाच्या आयुष्यात शाळेतील शिक्षक हाच बहुधा एकमेव सुशिक्षित, जाणता आणि घरच्यांचा विश्वास असलेला माणूस असतो. त्याने दिलेला अर्ध्या तासाचा सल्ला पुढील चाळीस वर्षांना पुरतो. म्हणून हा सल्ला अंदाजाने न देता साधनांच्या आधारे कसा द्यावा, याचा विचार या लेखात केला आहे. लेख शिक्षकांना उद्देशून असला तरी विद्यार्थी मित्रांनी व पालकांनीही तो वाचावा, कारण यातील बरीचशी साधने त्यांनाही घरी वापरता येण्यासारखी आहेत.

१. थोडी पार्श्वभूमी

व्यवसाय मार्गदर्शन हे शास्त्र फार जुने नाही. अमेरिकेतील बोस्टन शहरात फ्रँक पार्सन्स या गृहस्थाने १९०८ साली व्यवसाय मार्गदर्शनाचे केंद्र काढले. कामासाठी शहरात येणारी गरीब व परदेशातून आलेली तरुण मुले मिळेल ते काम धरतात आणि आयुष्यभर तेथेच अडकून पडतात, हे त्याने पाहिले होते. त्याने तीन पायऱ्या सांगितल्या. पहिली, स्वतःची नीट ओळख. दुसरी, कामाच्या जगाची माहिती. तिसरी, या दोहोंची विचारपूर्वक सांगड. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला, चाचण्या बदलल्या, यंत्रे बदलली, तरी मार्गदर्शनाचे सर्व काम या तीन पायऱ्यांवरच उभे आहे.

आपल्याकडे मुंबईत पारशी पंचायतीने १९४७ साली व्यवसाय मार्गदर्शन केंद्र सुरू केले. एका समाजाच्या संस्थेने आपल्या मुलांसाठी असे केंद्र काढावे, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुढे १९५० साली तत्कालीन मुंबई राज्याच्या सरकारने या कामासाठी स्वतंत्र कार्यालय उघडले. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांत मार्गदर्शन अधिकारी व ‘करिअर मास्टर’ असावेत अशी शिफारस केली, आणि १९५४ साली दिल्लीत केंद्रीय पातळीवरचे मार्गदर्शन केंद्र स्थापन झाले. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने निदान दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक असावा असे सुचविले. प्रत्यक्षात ग्रामीण भागातील व वस्त्यांतील बहुसंख्य शाळांत हे काम विषयशिक्षकालाच आपल्या तासिका सांभाळून करावे लागते. सबब, साधने अशी हवीत की जी थोड्या वेळात व थोड्या पैशात वापरता येतील.

२. पहिले साधन : नोंदपत्रक

विद्यार्थ्याची ओळख एका दिवसात होत नाही. आठवीपासून दहावीपर्यंत प्रत्येक विद्यार्थ्याचे एक संचयी नोंदपत्रक ठेवावे. त्यासाठी छापील फॉर्मची गरज नाही, साध्या वहीची दोन पाने पुरेत. त्यात पुढील नोंदी असाव्यात :

(अ) तीन वर्षांचे विषयवार गुण. एकूण टक्केवारी न पाहता कोणत्या विषयात चढ आहे व कोणत्या विषयात उतार आहे ते पाहावे.

(आ) वर्गाबाहेर मूल काय करते. घरचा पंखा दुरुस्त करते काय, धाकट्या भावंडांना शिकविते काय, वस्तीतील कार्यक्रमाचा हिशेब ठेवते काय, चित्रे काढते काय.

(इ) घरची परिस्थिती. कमावणारे किती, शाळेनंतर मूल काम करते काय, अभ्यासाला जागा आहे काय, घरात बारावीपुढे शिकलेले कोणी आहे काय.

(ई) प्रकृती. दृष्टी, रंग ओळखण्याची क्षमता, उंची, जुने आजार. काही व्यवसायांचे दार या कारणाने बंद असते व ते उशिरा कळल्यास मुलाची वर्षे वाया जातात.

(उ) मुलाने स्वतः लिहिलेले दहा ओळींचे उत्तर : ‘मला कोणते काम करताना वेळेचे भान राहत नाही?’

यापैकी (आ) ही नोंद सर्वांत मोलाची आहे. गुणपत्रिका मुलाने काय पाठ केले ते सांगते. वर्गाबाहेरची नोंद त्याच्या हाताला व मनाला काय साधते ते सांगते. नोंदपत्रक मात्र शिक्षकाच्या कपाटातच राहिले पाहिजे. घरच्या गरिबीची किंवा आजाराची नोंद वर्गात फिरू लागली तर पुन्हा कोणतेही मूल खरे सांगणार नाही.

नोंदपत्रकाच्या जोडीला वर्षातून दोनदा तरी पंधरा मिनिटांची मुलाखत घ्यावी. मुलाखतीत शिक्षकाने कमी बोलावे. ‘तू काय होणार?’ हा प्रश्न सुरुवातीला टाळावा, कारण त्याचे उत्तर ठरलेले असते. ‘गेल्या महिन्यात तुला कशाचा आनंद झाला?’, ‘कोणाचे काम पाहून आपल्यालाही जमेल असे वाटले?’ असे प्रश्न विचारल्यास मूल मोकळे होते.

३. दुसरे साधन : मानसशास्त्रीय चाचण्या, त्यांचा उपयोग व मर्यादा

चाचण्यांबाबत आपल्याकडे दोन टोकाची मते आढळतात. काहींना त्या निरुपयोगी वाटतात, तर काहींना चाचणीचा निकाल म्हणजे भविष्यच वाटते. दोन्ही मते चुकीची आहेत.

प्रथम दोन शब्दांतील फरक समजून घ्यावा. अभिरुची म्हणजे आवड. अभिक्षमता म्हणजे एखादे काम शिकण्याची अंगभूत कुवत. गाणे आवडणे ही अभिरुची, सूर पकडता येणे ही अभिक्षमता. दोन्ही एकाच दिशेला असतील तर निर्णय सोपा. वेगळ्या दिशेला असतील तर तेथेच मार्गदर्शकाचे काम सुरू होते.

अभिरुचीसाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ साली मांडलेली सहा प्रकारांची विभागणी जगभर वापरली जाते : हाताने व यंत्राने काम करणारे, शोधक वृत्तीचे, कलावंत वृत्तीचे, लोकांत मिसळून मदत करणारे, पुढाकार घेऊन माणसे व व्यवहार चालविणारे आणि नीटनेटके, पद्धतशीर काम करणारे. बहुतेक माणसांत यांपैकी दोन-तीन प्रकारांचे मिश्रण असते. ही विभागणी फळ्यावर लिहून मुलांना आपले पहिले तीन प्रकार निवडावयास सांगितले तरी चर्चेला चांगली सुरुवात होते.

महाराष्ट्रात राज्य शिक्षण मंडळाने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या सर्व विद्यार्थ्यांची कल चाचणी घेतली. तीत कृषी, वाणिज्य, ललित कला, गणवेशधारी सेवा, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि कला अशी सात क्षेत्रे होती. राष्ट्रीय पातळीवर एनसीईआरटी व सीबीएसई यांनी नववी-दहावीसाठी ‘तमन्ना’ नावाची अभिक्षमता चाचणी तयार केली आहे. तीत भाषा, अमूर्त तर्क, शाब्दिक तर्क, यांत्रिक तर्क, संख्या, अवकाशीय आकलन व निरीक्षणातील अचूकता अशा सात बाजू तपासल्या जातात. या सात नावांवरून अभिक्षमता म्हणजे एकच ‘हुशारी’ नव्हे, हे पालकांना चांगले समजावून सांगता येते.

चाचणी वापरताना तीन गोष्टींचे भान ठेवावे.

पहिली गोष्ट, मूल जे पाहते तेच त्याला आवडते. ज्याने आयुष्यात शिक्षक, पोलीस, कंडक्टर आणि परिचारिका एवढेच व्यवसाय जवळून पाहिले आहेत त्याची आवड त्या चारांतच फिरणार. म्हणून अभिरुचीची चाचणी देण्यापूर्वी त्याला निदान तीस-चाळीस व्यवसायांची ओळख करून दिली पाहिजे. अन्यथा आपण मुलाची आवड मोजत नसून त्याच्या वस्तीच्या सीमा मोजत असतो.

दुसरी गोष्ट, चाचणी कोणत्या मुलांवर प्रमाणित केली आहे हे विचारावे. शहरातील इंग्रजी माध्यमाच्या मुलांवर तयार झालेली चाचणी मराठी माध्यमाच्या मुलाला दिल्यास त्याचे तर्क मोजले जाण्याऐवजी भाषाच मोजली जाते.

तिसरी गोष्ट, शतमकाचा अर्थ. ‘यांत्रिक तर्क : शतमक ६०’ याचा अर्थ शंभरपैकी साठ गुण असा नव्हे. ज्या गटाशी तुलना केली त्या गटातील सुमारे साठ टक्के मुलांपेक्षा याची कामगिरी वरची आहे, एवढाच त्याचा अर्थ. हा फरक न कळल्यामुळे चांगल्या निकालानेही मुले खचतात.

थोडक्यात, चाचणीचा निकाल ही बोलण्याची सुरुवात मानावी. नोंदपत्रक, मुलाखत आणि चाचणी ही तिन्ही एकाच गोष्टीकडे बोट दाखवीत असतील तरच ठामपणे सल्ला द्यावा.

४. तिसरे साधन : माहितीचा कोपरा

आता पार्सन्सची दुसरी पायरी. शाळेच्या वाचनालयात एक कपाट व एक सूचनाफलक एवढ्याने काम सुरू होते. भारत सरकारने तयार केलेल्या २०१५ च्या राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणात सुमारे ३,६०० व्यवसायांची नोंद आहे. आपल्या मुलांना त्यातील पंधरा-वीस नावेही सांगता येत नाहीत. ही दरी भरून काढणे हे माहितीच्या कोपऱ्याचे काम.

यासाठी व्यवसायपत्रे तयार करावीत. एका व्यवसायाला एक पोस्टकार्डाएवढे कार्ड. त्यावर कामाचे स्वरूप, लागणारे शिक्षण, कालावधी, खर्च, प्रकृतीच्या अटी, कामाच्या संधी, पुढची वाट आणि माहिती तपासल्याची तारीख, एवढे आठ रकाने असावेत. नमुन्यादाखल एक कार्ड पाहू.

व्यवसाय : इलेक्ट्रिशियन (वीजतंत्री). काम : घरे, इमारती व कारखान्यांतील वीजजोडणी, मोटारी व यंत्रांची देखभाल. शिक्षण : दहावी उत्तीर्ण, त्यानंतर आयटीआयचा २ वर्षांचा अभ्यासक्रम. प्रकृती : रंग ओळखता येणे आवश्यक, कारण तारांचे रंग चुकले तर जिवावर बेतते. संधी : शिकाऊ उमेदवारी, वीज कंपन्या, रेल्वे, कारखाने, परवाना काढून स्वतंत्र व्यवसाय. पुढची वाट : पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश, तेथून अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश.

हे शेवटचे वाक्य पालकांना मुद्दाम वाचून दाखवावे. आयटीआय म्हणजे शिक्षणाचा शेवट, असा समज आपल्याकडे घट्ट आहे. तो खरा नाही.

माहिती कोठून मिळवावी? केंद्र सरकारचे ‘एम्प्लॉयमेंट न्यूज’ हे साप्ताहिक १९७६ पासून प्रसिद्ध होते, त्याची हिंदी आवृत्ती ‘रोजगार समाचार’ या नावाने निघते. राज्य शासनाचे ‘लोकराज्य’ मासिक व मराठी दैनिकांतील करिअरविषयक पाने यांची कात्रणे विषयवार लावावीत. केंद्रीय कामगार मंत्रालयाचे ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे. राज्याच्या शिक्षण विभागाने युनिसेफच्या सहकार्याने २०२० साली नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘महाकरिअर’ संकेतस्थळ सुरू केले. ज्या शिक्षकांना या कामाचे रीतसर शिक्षण घ्यावयाचे आहे त्यांनी एनसीईआरटीच्या मार्गदर्शन व समुपदेशन पदविकेची चौकशी करावी. महाराष्ट्र व गोव्यासाठी एनसीईआरटीची प्रादेशिक शिक्षण संस्था भोपाळ येथे आहे.

जुनी माहिती ही नसलेल्या माहितीपेक्षा अधिक घातक असते. राष्ट्रीय प्रज्ञा शोध परीक्षेचे उदाहरण घ्या. १९६३ पासून चालत आलेली ही परीक्षा २०२१ नंतर स्थगित झाली, तरी अनेक शाळांच्या भिंतींवर तिचे फलक राहिले. अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश पूर्वी मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांपुरता होता, २०२५ पासून तो राज्यभर लागू झाला. म्हणून दरवर्षी जूनमध्ये प्रत्येक कार्ड काढून तपासावे व नवी तारीख घालावी. तारीख नसलेले कार्ड फलकावर लावू नये.

५. चौथे साधन : वाटांचा नकाशा

एका मोठ्या कागदावर दहावीनंतरच्या वाटा रेखाटाव्यात : अकरावी-बारावी, तीन वर्षांची पदविका, आयटीआय. प्रत्येक वाटेवरून पुढे कोठे जाता येते ते बाणांनी दाखवावे. या नकाशातील सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे दारावरचे विषय, म्हणजे जे विषय अकरावीत सोडले तर पुढचे दार बंद होते ते.

– अभियांत्रिकी पदवी : बारावीला भौतिकशास्त्र व गणित हवेच.
– वैद्यकीय शाखा : भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी, आणि ‘नीट’ परीक्षा.
– औषधनिर्माणशास्त्र पदवी : भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र, त्यांच्या जोडीला गणित किंवा जीवशास्त्र.
– एनडीएमार्फत वायुसेना व नौसेना : भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित. भूदलासाठी मात्र कोणत्याही शाखेची बारावी चालते. २०२१ पासून ही परीक्षा मुलींनाही खुली झाली आहे.
– पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम : कोणतीही शाखा.
– सनदी लेखापाल : कोणत्याही शाखेतून बारावीनंतर प्रवेश परीक्षा.
– संघ लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा : कोणत्याही शाखेची पदवी.

गणिताची भीती वाटते म्हणून विज्ञान शाखेत जाऊनही गणित सोडणारी मुले अभियंता होण्याचे स्वप्न बाळगतात आणि बारावीनंतर दार बंद पाहून रडतात. हा नकाशा नववीच्या वर्गात लागलेला असेल तर हा प्रसंग येत नाही. तद्वतच, कला शाखा घेणाऱ्या मुलालाही आपल्यापुढे कायदा, प्रशासन, अध्यापन, समाजकार्य, पत्रकारिता, ग्रंथालयशास्त्र असे किती मार्ग आहेत ते दिसते आणि ‘कमी गुण म्हणून कला’ हा कमीपणा गळून पडतो.

६. पाचवे साधन : दाखल्यांची फाईल

गुण आहेत, इच्छा आहे, पण दाखला नाही म्हणून जागा गेली, ही आपल्या समाजातील अत्यंत दुःखाची आणि पूर्णपणे टाळता येण्याजोगी गोष्ट आहे. नववीतच प्रत्येक विद्यार्थ्याची फाईल तयार करून घ्यावी : जन्मदाखला, आधार, रहिवास व अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते.

जातीच्या दाखल्याबाबत काही बारकावे आहेत. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० या तारखेपूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा विचारला जातो. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदीचा उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, महसुली कागद हे पुरावे गावाहून आणावे लागतात व त्याला महिने लागतात. वडिलांकडील नात्यात कोणाला पडताळणी प्रमाणपत्र मिळाले असेल तर त्याची प्रत फार उपयोगी पडते. आडनाव बदललेले असणे, शाळेच्या दाखल्यावर धर्म व जात वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलेली असणे, या आपल्या नेहमीच्या अडचणी आहेत. त्या दहावीचा दाखला हाती पडण्यापूर्वीच, म्हणजे मूल शाळेत असतानाच दुरुस्त करून घेणे सोपे असते.

१९९० साली संसदेने केलेल्या दुरुस्तीमुळे बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींतील व्यक्तींना केंद्रातही अनुसूचित जातीचे हक्क मिळाले. मात्र राज्यासाठीचा व केंद्रासाठीचा दाखला यांचा नमुना वेगळा असतो. केंद्रीय परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्याने अर्ज भरण्यापूर्वी योग्य नमुना काढून घ्यावा. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी जात पडताळणी लागते. तिचा अर्ज बारावीच्या निकालानंतर न करता अकरावीत असतानाच महाविद्यालयामार्फत करावा.

७. सहावे साधन : शिष्यवृत्तीचा तक्ता

‘पैसे नाहीत म्हणून शिकता येत नाही’ हे वाक्य ऐकल्याबरोबर शिक्षकाने हा तक्ता उघडावा.

आठवीसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा आहे. तीत निवड झाल्यास नववी ते बारावीपर्यंत दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. दहावीला ७५ टक्के व त्याहून अधिक गुण मिळविणाऱ्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यास अकरावी-बारावीसाठी राजर्षी शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्ती आहे. दहावीनंतरच्या सर्व शिक्षणासाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. २०२१ च्या नियमांनुसार तिची उत्पन्नमर्यादा वार्षिक अडीच लाख रुपये आहे. ही योजना १९४४ पासूनची आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, हे विद्यार्थ्यांना सांगावे. फॉर्म भरणे ही भीक नसून कोणीतरी झगडून मिळविलेला हक्क वापरणे आहे, हे त्यांना कळेल.

शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली. तिच्या मूळ तरतुदीनुसार मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये, इतर महानगरपालिका क्षेत्रांत ५१,००० रुपये व अन्यत्र ४३,००० रुपये मिळतात. स्पर्धा परीक्षांच्या प्रशिक्षणासाठी पुण्याच्या ‘बार्टी’ या संस्थेच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे.

२०१८ पासून राज्यातील बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज ‘महाडीबीटी’वर भरावे लागतात. अर्ज दरवर्षी नव्याने किंवा नूतनीकरण म्हणून भरावा लागतो हे अनेकांना ठाऊक नसते. पहिल्या वर्षी मिळाली, दुसऱ्या वर्षी बंद झाली, अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला प्रथम ‘नूतनीकरण केलेस काय?’ असे विचारावे.

८. सातवे साधन : निर्णयाचा तक्ता

आता तिसरी पायरी, सांगड. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका विद्यार्थिनीला दहावीत ७२ टक्के आहेत. विज्ञानात चांगले गुण, गणितात बेताचे. घरी आजीची शुश्रूषा तीच करते व त्यात तिला आनंद आहे. वडील हमाली करतात. दोन धाकटी भावंडे आहेत. तिने चार वर्षांत कमवू लागावे अशी घरची अपेक्षा आहे.

तिच्यासमोर तीन पर्याय ठेवू : विज्ञान शाखेतून बारावी करून परिचर्या पदवी, बारावीनंतर परिचर्या पदविका, आणि पॉलिटेक्निक पदविका. प्रत्येक पर्यायापुढे पाच प्रश्न लिहावेत. तिला आवडेल काय? जमेल काय? घरच्यांना झेपेल काय? किती वर्षांनी कमाई? मध्येच अडले तर दुसरी वाट आहे काय? प्रत्येकास एक ते पाच गुण मुलीने स्वतः द्यावेत, पालकांनी वेगळ्या कागदावर द्यावेत, मग दोन्ही कागद शेजारी ठेवावेत.

येथे पॉलिटेक्निकला कमाईच्या प्रश्नावर चांगले गुण पडतील, पण आवडीवर व गणितामुळे कुवतीवर कमी पडतील. परिचर्या पदवीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र लागते, वर्षे अधिक, पण पुढे वाट मोठी. पदविकेला बारावी कोणत्याही शाखेची चालते. म्हणजे तिने अकरावीला जीवशास्त्रासह विज्ञान घेतले तर पदवी व पदविका ही दोन्ही दारे उघडी राहतात. कला शाखा घेतली तर एक दार बंद होते. तक्ता निर्णय घेत नाही, पण कोणता निर्णय दोन वर्षे पुढे ढकलता येतो व कोणता आजच घ्यावा लागतो, हे दाखवितो. पालक व मुलगी यांचे गुण जेथे जुळत नाहीत त्या रकान्यावरच शिक्षकाने बोलावे. बहुधा भांडण आवडीचे नसून पैशाचे असते, आणि तेथे शिष्यवृत्तीचा तक्ता कामी येतो.

अंतिम निर्णय मात्र विद्यार्थिनी व तिच्या घरच्यांचाच असला पाहिजे. मार्गदर्शकाने दिवा धरावा, हात धरून ओढू नये.

९. वर्षाचे वेळापत्रक

जून-जुलै : कार्डे तपासणे, नववीच्या फाईली सुरू करणे, शिष्यवृत्तीचे अर्ज. ऑगस्ट-सप्टेंबर : व्यवसायांची ओळख, त्यानंतर अभिरुची चाचणी. दिवाळीची सुट्टी : प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या परिसरातील तीन कामकरी माणसांची मुलाखत घेऊन लिहून आणणे. नोव्हेंबर-डिसेंबर : वैयक्तिक मुलाखती. जानेवारी : पालकसभा व निर्णयाचे तक्ते. निकालानंतर : प्रवेश अर्ज भरताना मदत. पालकसभा संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी ठेवावी. रोजंदारी बुडवून कोणी सभेला येणार नाही.

१०. समाजाचे काम

शिक्षक एकटा किती पुरणार? मंडळाच्या सभासदांना फारसा पैसा न खर्चता पुढील चार कामे करता येतील.

एक, माजी विद्यार्थ्यांची नोंदवही. आपल्यातील कोण कोणत्या खात्यात, कारखान्यात, रुग्णालयात, बँकेत आहे याची यादी करून, त्यांची संमती घेऊन ती शाळेच्या मार्गदर्शक शिक्षकाला द्यावी. मुलाला परिचारिकेविषयी दहा पाने वाचण्यापेक्षा आपल्याच वस्तीतील परिचारिकेशी अर्धा तास बोलणे अधिक उपयोगी पडते. बोलणाऱ्यानेही केवळ यश न सांगता पहिल्या वर्षी काय अडले, किती खर्च आला, हे सांगावे.

दोन, दाखल्यांचे मदतकेंद्र. ज्यांना कचेरीची कामे ठाऊक आहेत अशा दोन निवृत्त सभासदांनी दर रविवारी दोन तास विहारात किंवा समाजमंदिरात बसावे.

तीन, अभ्यासिका व संगणक. अर्ज ऑनलाइन झाल्यापासून सायबर कॅफेतील एका चुकीच्या टिचकीने प्रवर्ग बदलतो व जागा जाते. फॉर्म भरताना शेजारी एक जाणता माणूस हवा.

चार, सत्काराची तारीख. गुणवंतांच्या सत्काराबरोबर त्याच दिवशी मार्गदर्शन मेळावा ठेवावा, आणि त्यात ४५ टक्केवाल्या व नापास झालेल्या मुलांनाही आवर्जून बोलवावे. ७५ टक्केवाल्याला वाट सापडतेच. ज्याला कोणी बोलावीत नाही त्यालाच मार्गदर्शनाची सर्वांत अधिक गरज असते.

११. विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१. हॉलंडच्या सहा प्रकारांपैकी आपले पहिले तीन लिहा व प्रत्येकास आपल्या वागण्यातील एक उदाहरण द्या.
२. आपल्या परिसरातील एका व्यवसायाचे आठ रकान्यांचे कार्ड तयार करा.
३. आपल्या आवडत्या व्यवसायासाठी अकरावीत कोणते विषय घ्यावेच लागतात ते शोधा.
४. आपल्या फाईलमध्ये कोणता दाखला नाही ते आज रात्री घरी पाहा, आणि तो काढण्यासाठी कोण, कधी, कोठे जाणार ते वडीलधाऱ्यांशी बोलून लिहून ठेवा.

चौथा प्रश्न सर्वांत साधा आहे, पण त्याचेच उत्तर सर्वप्रथम लिहावे. बाकीच्या तिन्हींना विचारासाठी वर्षभराचा वेळ आहे. दाखला मात्र ठरलेल्या तारखेच्या आतच लागतो.